सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तीन हजारांच्या आसपास वस्ती, बहुतेक घरं शेतीवाली नाहीतर साखर कारखान्यात कामाला जाणारी. कडेगाव म्हटलं की आमच्याकडच्या लोकांना पहिले मोहरमचे उंचच उंच ताबूत आठवतात. पण २०२२ च्या ऑगस्टनंतर या तालुक्याचं नाव देशभर गेलं ते वडगावच्या भोंग्यामुळे. गावातल्या देवळावर भोंगा बसवला, तो संध्याकाळी सात वाजता वाजायचा, वाजला की घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला परत वाजला की चालू. मधल्या दीड तासात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, एकमेकांशी बोलायचं. एवढंच होतं ते.

मी हे प्रकरण गेली दोन-अडीच वर्षं डोक्यात घेऊन फिरतेय, कारण आमच्या घरात आम्ही तेच करायला गेलो आणि आधी पार फसलो, मग थोडंफार जमलं, आणि का फसलो ते कळायला मला वडगावात नेमकं काय झालं होतं ते परत नीट वाचावं लागलं. बातमी वाचताना आपलं लक्ष भोंग्याकडे जातं आणि भोंगा वाजायच्या आधी जे जे झालं ते नजरेतून सुटतं, माझंही सुटलं होतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, आधी गावाचं आणि मग आमचं.

सुरुवात लॉकडाऊनपासून करावी लागते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शाळा फोनवर आली. ज्या घरात एकच स्मार्टफोन होता आणि तो वडलांच्या खिशात असायचा त्या घरात तो पोरांच्या हातात आला, ज्या घरात नव्हता तिथे पोटाला चिमटा काढून घेतला गेला. ते चूक नव्हतं, शाळाच त्यात होती तर दुसरं काय करणार. पण आणखी एक गोष्ट बघा, टिकटॉकवर बंदी आली २९ जून २०२० ला, जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात केली तीही पहिली भारतातच. म्हणजे पोरांच्या हातात शाळेसाठी म्हणून फोन आला तो नेमका याच चार-सहा महिन्यांत, आणि डेटा तर २०१६ च्या सप्टेंबरला जिओ आल्यापासून इतका स्वस्त झालेला की कुणी मोजतच नव्हतं. शाळेच्या तासाला नेटवर्क जायचं, रील मात्र अटकायचं नाही, हे आमच्या घरातही आम्ही बघितलंय.

मग २०२२ च्या जूनमध्ये शाळा नेहमीसारख्या भरल्या आणि मास्तर-बाईंच्या लक्षात आलं की पोरं बदललीत. वडगावचे त्यावेळचे सरपंच विजय मोहिते यांनी तेव्हा पेपरवाल्यांना जे सांगितलं त्याचा मतलब असा, की मुलं आळसावलेली, लिहायचा-वाचायचा कंटाळा, शाळेच्या आधी फोन आणि शाळेतून आल्यावर फोन. आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, की गावातल्या घरांमध्ये अभ्यासाला वेगळी खोली नसते. ज्या खोलीत टीव्ही त्याच खोलीत पोरगं दप्तर उघडून बसतं, तिथेच जेवणं, तिथेच पाहुणा. शहरातल्या माणसाला वाटतं टीव्ही बघणारा बघेल, अभ्यास करणारा आत जाऊन करेल. पण आत असं काही नसतंच. एकाने बघितलं की सगळ्यांनी बघितलं. म्हणून हा प्रश्न एका पोराच्या शिस्तीचा राहत नाही, तो घरातल्या एकाच खोलीचा होतो, आणि उत्तरही सगळ्या घरानं मिळूनच द्यावं लागतं.

सरपंचांनी कल्पना मांडली तेव्हा गावातले पुरुष हसले होते. हे त्यांनीच सांगितलंय, आणि मला ते खरं वाटतं, कारण मी घरात मांडली तेव्हाही पहिली प्रतिक्रिया हसण्याचीच होती. मग त्यांनी काय केलं, तर आधी बायकांना एकत्र केलं. स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे या बैठका झाल्या, बायकांनी मान्य केलं की हो, मालिका सुरू झाल्या की आमचं उठणं होत नाही, आणि सगळ्या गावानेच थोडा वेळ बंद ठेवलं तर आम्हीही ठेवू. त्यानंतर ग्रामसभा, त्यात देवळावर भोंगा बसवायचं ठरलं.

इथे थोडं थांबते. आपल्याकडे १५ ऑगस्टच्या सुमारास ग्रामसभा होते हे गावाकडच्या सगळ्यांना माहीत असतं, आणि कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. खूप गावांत ती कागदावरच होते, रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतात आणि संपलं. वडगावात बायका खरोखर बोलल्या आणि त्यांनी ठरवलं त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. संध्याकाळी सात ते साडेआठ ही वेळ बघा. चुलीवर किंवा गॅसवर भाकरी, समोर टीव्ही, आणि दिवसभर शेतात खुरपून आलेल्या बाईला बसायला मिळतं तो हाच वेळ. मराठी मालिकांचा गाभ्याचा वेळही हाच, सातपासून पुढे. कुणी याला व्यसन म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्या बाईच्या चोवीस तासांत तिचा स्वतःचा म्हणावा असा तेवढाच तुकडा होता. तो तिने सोडला. पुरुषाने पारावर बसून फोन बघणं सोडण्यापेक्षा हे सोडणं भारी होतं, आणि तिने आधी सोडलं म्हणून नंतर पुरुषांना हसता आलं नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा कणा इथे आहे.

आणि त्याच वर्षी मे महिन्यात शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला होता. तेही कायद्याच्या धाकाने झालं नव्हतं, गावाने एकत्र बसून म्हटलं की आम्ही हे करणार नाही. आमच्या भागात ही रीत जुनी आहे. राळेगणला, हिवरे बाजारला नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी अशा बंद्या गावानेच स्वतःवर घालून घेतल्या, पोलिसाने घातल्या नाहीत. चराईबंदी एकट्याने पाळून काय उपयोग, माझी शेळी बांधली आणि शेजाऱ्याची मोकळी असली तर डोंगर बोडकाच राहणार. फोनचंही तेच आहे हे मला फार उशिरा समजलं.

भोंग्याबद्दलही बोललं पाहिजे. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये राज्यात भोंग्यांवरून केवढं रान पेटलं होतं ते आठवत असेल, भोंगा शब्द काढला की लोक दोन बाजूंना व्हायचे. त्यानंतर तीन महिन्यांत एका गावाने देवळावर भोंगा चढवला आणि तो सगळ्यांचा झाला. आमच्या उसाच्या पट्ट्यात भोंगा परका नाहीच, कारखान्याच्या पाळीचा भोंगा ऐकत माणसं मोठी झालीत, हंगाम सुरू असला की घड्याळ बघायची गरज नसते, भोंगा झाला म्हणजे डबा भरायला घ्यायचा. भोंगा वाजला की कामाची पाळी सुरू किंवा पाळी सुटली, हे कानाला ठाऊक असतं. त्यामुळे सात वाजता वाजला की फोनची पाळी सुटली, हे कळायला कुणाला वेगळं शिकावं लागलं नसणार.

तरी भोंगा वाजला आणि सगळे गुमान बसले असं झालं नाही. पहिल्या दिवसांत पंचायतीचे कर्मचारी, आशाताई, अंगणवाडी सेविका, रिटायर झालेले गुरुजी घरोघर जाऊन सांगत होते, शाळेची पोरं पण गल्लीतून फिरत होती, टीव्ही बंद करा म्हणून. वॉर्डाप्रमाणे लक्ष ठेवायला कमिट्या केल्या. म्हणजे मागे राबणूक होती. ज्या आशाताईने तुमच्या नातवाला डोस पाजले ती दारात येऊन म्हणतेय की आजी, तेवढा टीव्ही बंद करा, तर तिला नाही म्हणवत नाही. भिंतीवर पोस्टर लावून हे झालं नसतं. आणि गुरुजी! ज्यांनी बापाला शिकवलं तेच गुरुजी दारात उभे राहिले की बाप फोन खाली ठेवतो, त्याला दंड लागत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंद असा ठराव केला. भावना मला समजते, तिथले पालकही तितकेच घाबरलेले असणार, पण मला वडगावचा रस्ता जास्त खरा वाटतो, कारण वडगावने मोठ्यांनाही त्यात घेतलं. पोराला म्हणायचं तू ठेव आणि आपण अंगठ्याने वर वर सरकवत बसायचं, याला पोरं काय समजतात ते मी माझ्या घरात बघितलंय. जपानमध्ये टोयोआके नावाच्या शहराने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नियम मंजूर केला, कामाचा आणि अभ्यासाचा वेळ सोडून दिवसाला दोन तासच फोन वापरा म्हणून, सगळ्यांसाठी, आणि दंड काही नाही. त्यावरून तिथे पुष्कळ वाद झाला. तिथे प्रत्येकाने आपापले दोन तास आपापले मोजायचे. वडगावात मोजायचं काहीच नव्हतं, सगळ्यांची वेळ एकच होती.

आता आमचं घर. पुण्यात सिंहगड रोडला फ्लॅट, मी, नवरा, मुलगा तेव्हा सातवीत, आणि सासूबाई. मी त्यांना आई म्हणते. त्या मूळच्या वाळवा तालुक्यातल्या, म्हणून वडगावची बातमी आली की त्यांना आपल्याकडची वाटते. २०२३ च्या उन्हाळ्यात एका रात्री मी फोनमध्ये किती वेळ जातो ते दाखवणारं पान उघडलं, आठवड्याची सरासरी दिवसाला पाच तास दहा मिनिटं. ऑफिसचं काम लॅपटॉपवर, ते यात नाही. मी दहा मिनिटं सोडून दिली आणि नुसते पाच तास वर्षाचे केले, १८२५ तास होतात, म्हणजे रात्र-दिवस धरून ७६ दिवस. जागेपणीचे सोळा तास धरले तर ११४ दिवस, जवळजवळ चार महिने. मी तो आकडा नवऱ्याला दाखवला, तो काही बोलला नाही, त्याने स्वतःचा उघडला, बघितला आणि फोन पालथा ठेवला. मी विचारलं नाही किती आहे ते.

मला रडू आलं होतं त्या रात्री, खरं सांगते. त्या चार महिन्यांत मी काय बघितलं ते मला एक दिवसाचंही सांगता येत नव्हतं. काल रात्री दीड तास बघितलं त्यातलं सकाळी काय आठवतंय, एक स्वयंपाकाचा व्हिडिओ आणि कुणाच्या तरी लग्नातला नाच. आणि त्याच रात्री मुलगा दोनदा येऊन काहीतरी विचारून गेला होता, मी हं हं म्हटलं होतं, काय विचारलं ते आठवेना. सकाळी त्याला विचारलं तर म्हणाला, जाऊदे आई, झालं ते. हे जाऊदे मला फार लागलं.

तर आम्ही ठरवलं की साडेसात ते नऊ बंद. फोनमध्येच अलार्म लावला, चारही फोन टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये. पहिले चार दिवस सुंदर गेले. पाचव्या दिवशी मुलाच्या वर्गाच्या ग्रुपवर आठ वाजता मेसेज आला की उद्या अमुक तक्ता आणायचाय, आम्ही नऊला बघितला तेव्हा स्टेशनरीचं दुकान बंद झालेलं, पोरगं रडवेलं झालं. मग ठरलं की फक्त आठ वाजता एकदा ग्रुप बघायचा. ग्रुप बघायला फोन हातात घेतला की बाकीच्या लाल टिकल्या दिसतात. मग सोसायटीचा ग्रुप, टँकर कधी येणार, पाणी किती वेळ. मग नवऱ्याला ऑफिसचा कॉल, आणि तो खरंच महत्त्वाचा होता, त्याला दोष देत नाही. मग आईंच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल, त्या रोज आठ-सव्वाआठला करतात, आईंनी उचलला नाही तर त्यांना वाटतं तब्येत बिघडली. तीन आठवड्यांत ड्रॉवरमध्ये एकच फोन उरला, मुलाचा. आणि तो एक दिवस म्हणाला, मग माझाच का?

त्याचं उत्तर नव्हतं आमच्याकडे.

मी बरेच दिवस असं समजत होते की आमच्यात जिद्द कमी पडली. स्वतःलाच बोल लावत बसायचे, एवढ्या साध्या दीड तासाचं आपल्याला जमत नाही म्हणून. मग एकदा वडगावचं सगळं परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की आमच्या घरात चार माणसं थांबली होती पण जग थांबलं नव्हतं. वडगावात सात वाजता फोन खाली ठेवणाऱ्या बाईला ठाऊक असतं की जाऊबाईंचा फोनही खाली आहे, मैत्रिणीचाही, आणि त्या मालिकेत आज काय झालं हे उद्या पाणी भरताना कुणी विचारणार नाही कारण कुणीच बघितलेली नाही. तिचं काही चुकत नाही. फोन हातातून सुटत नाही त्याचं मोठं कारण हेच असतं की आपण नसताना तिकडे काहीतरी होऊन जाईल. सगळा गाव एकदम नसला की ही धास्ती आपोआप जाते. त्यासाठी मन घट्ट करावं लागत नाही, नुसतं बसायचं असतं.

आणि समोर जे आहे ते काही साधं नाही हेही लक्षात घ्या. पूर्वी पेपर संपायचा, रेडिओवरचा कार्यक्रम संपायचा, मालिकासुद्धा अर्ध्या तासाने संपायची आणि माणूस उठायचा. खाली खाली सरकवत गेलं तरी पान संपतच नाही ही जी रचना आहे ती एझा रास्किन नावाच्या डिझायनरने २००६ मध्ये काढली आणि पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे त्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. संपण्याची जागाच काढून टाकलीय. कुठलाही व्हिडिओ संपताना पुढचा सुरू होतो, म्हणजे उठायचं असेल तर आपल्याला तोडून उठावं लागतं, आणि दिवसभर दमलेल्या माणसात तोडायची ताकद उरत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक चालतं, शट क्लिनिक म्हणतात त्याला, म्हणजे हा प्रश्न दवाखान्यापर्यंत पोचून दहा वर्षं होऊन गेली. मला वडगावच्या भोंग्यात हेच दिसतं, की काढून टाकलेली ती संपण्याची जागा गावाने बाहेरून परत आणून ठेवली. आता संपलं हे सांगायला फोनमध्ये काही उरलं नव्हतं, ते देवळावरून सांगितलं गेलं.

दुसऱ्यांदा आम्ही सुरुवात केली २०२४ च्या जूनमध्ये, शाळा सुरू झाली तेव्हा, आणि या वेळी आधी घरात काही केलं नाही, आधी बाहेर बोललो. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत. मी आणि आई बाकीच्या तिन्ही घरी गेलो, आईंमुळे कुणी हसलं नाही, मी एकटी गेले असते तर हसले असते. दोन घरं तयार झाली, एक म्हणालं बघू. मग वर्गाच्या ग्रुपवर मी लिहिलं की संध्याकाळी सातनंतर वर्गाचे निरोप येऊ नयेत यासाठी आपण बाईंना विनंती करूया का, त्यावर अर्ध्या तासात वीस-बावीस पालकांनी हो म्हटलं. म्हणजे सगळ्यांनाच ते हवं होतं आणि कुणीच बोललं नव्हतं! बाईंनाही हायसं वाटलं, त्या म्हणाल्या की पालक रात्री दहाला प्रश्न विचारतात म्हणून त्यांनाही फोन ठेवता येत नाही, त्यांच्या घरीही लहान मूल आहे. आईंनी बहिणीला सांगितलं की कॉल पावणेसातला कर. नवऱ्याने ऑफिसात सांगितलं की तातडीचं असेल तर साधा फोन करा, त्याचा नंबर सगळ्यांकडे आहेच, आणि त्या दीड तासात साधा फोन वर्षभरात पाच-सहा वेळा आला असेल. याआधी तो रोज दीड तास त्या पाच-सहा फोनांची वाट बघत बसायचा.

साधा फोन चालू ठेवायचा हे आम्ही मुद्दाम ठरवलं. गावाकडचं माझ्या डोक्यात होतं, तिथे आता विहिरीवरची मोटर मोबाइलवरून चालू-बंद करतात, लाइट कधी येईल त्याचा भरवसा नसतो, दवाखान्याचं निघालं तर फोन लागतोच. सरसकट सगळं बंद असं म्हटलं की पहिल्याच अडचणीला माणूस नियम सोडतो आणि सोडला की परत धरत नाही. अडचणीला दार ठेवलं तर नियम टिकतो.

आता निकाल लिहिते, जसा आहे तसा. आठवड्यातले चार दिवस जमतं, शुक्रवार-शनिवार नाही आणि मधला एखादा दिवस जातो. ज्या दिवशी जमतं त्या दिवशी माझे पाच तास दहा मिनिटं होते त्याचे चार तास वीस मिनिटं होतात, म्हणजे पन्नास मिनिटंच कमी झाली, खरं तर दीड तास कमी व्हायला पाहिजे होता. उरलेला वेळ गेला कुठे ते मी शोधलं, तो रात्री दहानंतर सरकलाय. नऊ वाजता ड्रॉवर उघडला की हात भुकेल्यासारखा फोनवर जातो आणि झोपायला उशीर होतो. वडगावातही साडेआठच्या भोंग्यानंतर असंच होत असेल का असं मला वाटत राहतं. एवढ्यावरून कुणी म्हणेल की मग फायदा काय. माझं म्हणणं असं की वेळ किती कमी झाला हा एकच हिशोब धरला तर हा प्रयोग पडल्यासारखा दिसतो, पण दीड तास कुठला गेला होता ते बघितलं पाहिजे. रात्री साडेदहाचा माझा एकटीचा तास फोनमध्ये जाणं आणि साडेसातचा, जेव्हा घरातली चारही माणसं एका ठिकाणी असतात तो तास जाणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घड्याळात दोन्ही साठ मिनिटंच. रात्रीच्या त्या तासाचं मला अजून जमलेलं नाही, त्यावर काहीतरी करावं लागणार आहे.

मुलाचे मार्क वाढले का असं सगळे विचारतात. थोडे वाढले, पण ते यामुळेच असं मी म्हणणार नाही, त्या वर्षी त्याला गणिताच्या बाई फार चांगल्या मिळाल्या. मला दिसलेला बदल वेगळा आहे. पहिला आठवडाभर तो नुसता चिडचिडा होता, पंख्याकडे बघत पडायचा, बोअर होतंय बोअर होतंय करायचा आणि आम्हालाही काय करावं सुचायचं नाही. चौघं मोठी माणसं म्हणावीत अशी एका खोलीत आणि बोलायला विषय नाही, ते बघून मला भीती वाटली होती. दुसऱ्या आठवड्यात त्याने आजीच्या सुपारीच्या डब्याशी खेळता खेळता विचारलं की आजी तुम्ही लहानपणी या वेळेला काय करायचात. आणि आई सांगायला लागल्या, दिवेलागण झाली की हातपाय धुऊन शुभंकरोती, मग परवचा. परवचा म्हणजे काय तेही त्याला ठाऊक नव्हतं. सगळे पाढे ओळीने मोठ्यांदा म्हणायचे, नुसते बे ते तीस नाहीत, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा असे अडीचपर्यंतचे पाढेसुद्धा, सगळं, आणि चुकलं की पहिल्यापासून. ओसरीवर आजोबा बसलेले असायचे, त्यांचं लक्ष नाही असं वाटायचं पण चुकलं की तिथून हुं असा आवाज यायचा.

मी तेव्हा विचार करत होते की ही तीच वेळ. सातची. वडगावच्या लोकांनी वेळ निवडली तेव्हा त्यांच्या मनात हे होतं की नाही कुणास ठाऊक, पण ही वेळ आपल्या घरांमध्ये आधीपासून राखून ठेवलेली होती, दिवा लावायची आणि सगळ्यांनी घरात असायची. तिन्हीसांजेला दारात उभं राहू नये, झोपू नये, भांडू नये असं सांगणाऱ्या बायका आमच्या घरात होत्या. आधी टीव्हीने ती वेळ घेतली, मग फोनने, आणि आम्ही ती देऊन टाकल्याचं आम्हाला कळलंसुद्धा नाही.

शेजारच्या घरातला मुलगाही आता कधीकधी त्या वेळेला आमच्याकडे येतो. परवा दोघांना आईंनी दीडकी विचारली, ती त्यांना बारापर्यंत येते. मग मुलगा म्हणाला, आजी, दीडकी झाली, अडीचकी झाली, साडेतीनची पण असते का? आई म्हणाल्या, असते की, औटकी म्हणतात तिला. आणि डोळे मिटून सुरू झाल्या, औट एके औट, औट दुणे सात, औट त्रिक साडेदहा, औट चोक चौदा, आणि पुढे अडकल्या. साठ वर्षांत म्हटली नव्हती. मुलगा म्हणाला, थांबा, बघतो, आणि सवयीने त्याचा हात ड्रॉवरकडे गेला, मग त्याने तो मागे घेतला, वहीचं मागचं पान उघडलं आणि चौदात साडेतीन मिळवले. साडेसतरा, आजी.

हां, आई म्हणाल्या, औट पंचे साडेसतरा.